‘स्पेशल कोटिंग’ करून मिळालं, आणि मोवरचा पत्रा सडला

गवत कापायचा मोवर सर्व्हिसिंगला देणार असाल तर आधी हे वाचा. माझे पैसे गेले ते गेलेच, वर डेकच्या, म्हणजे पात्यावरच्या झाकणाच्या, पत्र्याला भोक पडलं.

सुरुवात माझ्याच आळसाने झाली. पेट्रोलवर चालणारा, ढकलत न्यायचा साधा मोवर. दोन वर्षांत मी तो एकदाही आडवा करून खाली पाहिलं नव्हतं. वरून फडकं मारायचं आणि ठेवून द्यायचा. मग हळूहळू गवत एकसारखं कापलं जाईना, मागे ओल्या गवताचे गोळे पडायला लागले, पिशवी अर्धीसुद्धा भरेना. मला वाटलं पात्याची धार गेली. पण पातं फिरताना डेकखाली जो वारा तयार होतो, तोच गवताला उभं करतो आणि कापलेलं पिशवीत ढकलतो. खाली गवताचा थर साचला की त्या वाऱ्याला फिरायला जागाच राहत नाही. हे तेव्हा माहीत असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

ओळखीतून एक मेकॅनिक आला. आल्या आल्या त्याने मोवर कुशीवर पाडला, एअर फिल्टर खाली येईल असा. खाली बघून च्‌च्‌ केलं. "ताई, पत्रा सडायला आलाय. स्पेशल कोटिंग करून देतो, पाच वर्षं गवत चिकटणार नाही." बोलणं बराच वेळ चाललं, मोवर तसाच पडलेला. मग उभा करून दोरी ओढली, तर भसाभस पांढरा धूर. "बघा, पिस्टनच्या रिंगाही गेल्यात." डोळ्यांसमोर धूर असल्यावर मी काय बोलणार?

चार दिवसांनी मोवर परत आला. खालून काळाभोर, आरशासारखा चकचकीत. धूर बंद. जुन्या म्हणून दोन रिंगा कागदात गुंडाळून हातात दिल्या. त्या पुडीचंच मला जास्त कौतुक वाटलं, किती चोख माणूस म्हणून! ठरल्यापेक्षा बरंच जास्त बिल मी न कुरकुरता दिलं.

तिसऱ्या कापणीला गवतात काळे पोपडे दिसले, नखाएवढे. एक उचलून पाहिला. एका बाजूने गुळगुळीत काळा रंग. दुसऱ्या बाजूला तपकिरी-हिरवट, नमद्यासारखा दाबलेला थर, त्यात गवताची पाती एकेक मोजता येतील इतकी स्पष्ट. म्हणजे त्याने काही खरवडलंच नव्हतं. साचलेल्या गवतावरच स्प्रे मारला होता. एरवी हा थर मधूनमधून वाळला तरी असता. आता रंगाखाली ओल कोंडली आणि पत्रा आतून कुजत गेला. गवत बाहेर पडतं त्या तोंडापाशी मी स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो सरळ आरपार गेला.

दुसऱ्या मेकॅनिकने पहिला प्रश्न विचारला, "त्याने कुठल्या कुशीवर पाडला होता?" सांगितल्यावर तो हसलाच. एअर फिल्टर खाली गेला की इंजिनातलं तेल फिल्टरमध्ये आणि सिलिंडरमध्ये उतरतं. चालू केलं की ते जळतं, म्हणून पांढरा धूर. तेल जळून संपलं की धूर आपोआप थांबतो, कुणी काही करावं लागत नाही. रिंगा बदलायच्या तर इंजिन खोलावं लागतं, आणि माझ्या इंजिनाच्या बोल्टांवर दोन वर्षांची माती आणि गवताचा चुरा तसाच थापलेला होता. त्यांना पाना लागलाच नव्हता. पुडीतल्या रिंगा तर आमच्या पिस्टनच्या मापापेक्षा लहान निघाल्या. कुठल्या मोटरसायकलच्या असतील.

पहिल्याला फोन केला. म्हणाला, "ओलं गवत कापलंत ना ताई? कोटिंगला ओल चालत नाही." मोवरच्या पोटाला लावायचं कोटिंग, आणि त्याला ओल चालत नाही!

अशी कोटिंगं खोटीच असतात असं नाही. पण ती उघड्या, कोरड्या धातूवर बसतात आणि तरी कालांतराने झिजतात. म्हणून रंग लावण्याआधी खरवडलेला पत्रा दाखवायला सांगा. देताना खालच्या बाजूचा फोटो काढून ठेवा. मी तर आता इंजिनाच्या बोल्टांवर नेलपॉलिशचा ठिपका देते. पाना लागला तर तो तडकतो.

आणि खरं म्हणजे हे काम कुणाला द्यायची गरजच नाही. इंजिन गार झालं की आधी स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला करायची. हे विसरायचं नाही, कारण हाताने पातं फिरलं तरी इंजिन सुरू होऊ शकतं. टाकीत पेट्रोल कमी असताना एअर फिल्टर वर राहील असा आडवा करायचा. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने थर खरवडायचा, गंज असेल तिथे तारेचा ब्रश. त्याच दिवशीचं गवत असेल तर पट्टीखाली सालासारखं निघतं. वाळलेलं सिमेंटसारखं बसतं. माझं काम पंधरा मिनिटांत आटोपतं.

डेक मात्र बदलावा लागला. भोक पडलेल्या डेकखाली पातं फिरवलं तर एखादा खडा उडून पायावर यायचा. इंजिन जुनंच आहे, पहिल्यापासूनच्या त्याच रिंगांवर मजेत चाललंय.