कडू फवारा की जाळी? पिल्लू घरात आल्यावरची अंगणातली निवड

पिल्लाचे दात पडायला लागले की अंगणातली झाडं त्याच्या तावडीत सापडतात. दुकानात कडू फवारा सुचवतात, शेजारी जाळी लावा म्हणतात. नाशिकजवळच्या मखमलाबादला आमच्या घरी शेरूसाठी मी दोन्ही करून पाहिलं.

फवारा सोपा आहे, हे मान्यच. जास्वंदीच्या बुंध्यावर मारला तेव्हा पहिल्याच दिवशी शेरू तोंड फिरवून मागे सरला. बाल्कनीत चार कुंड्या असतील तर तुमचं काम कदाचित तेवढ्यावर भागेल. काही कुत्र्यांना कडूचं काहीच वाटत नाही, म्हणून आधी एकाच कुंडीवर मारून बघा.

मला तो नकोसा झाला कढीपत्त्यामुळे. आमचा कढीपत्ता जास्वंदीला लागूनच आहे. फवारा मारला जास्वंदीवर, वाऱ्याने थोडा तिकडेही गेला. दुसऱ्या दिवशी आईने डहाळी तोडली, धुतली, फोडणीत टाकली आणि पातेलंभर पोहे कडूजहर झाले. त्यानंतर तुळशीचं पान तोडतानाही ती आधी मला विचारायची. हाताला लागलेला कडूपणा साबणाने दोनदा धुऊनही भाकरीच्या घासाला उतरतो. शिवाय झाडांना पाणी घातलं की फवारा धुऊन जातो, पुन्हा मारावा लागतो. आषाढात तर बाटली हातातून खाली ठेवायची सोय नाही. ज्या अंगणातून रोज स्वयंपाकघरात काही ना काही येतं, तिथे हे जमत नाही, असं माझं मत झालं.

जाळीला एक रविवार गेला. 3 फूट उंचीची चिकन जाळी, लोखंडी गज आणि तार. खालची कड वीतभर मातीत गाडली, नाहीतर शेरू उकरून आत शिरायचा. कापलेली टोकं आत वळवली. अंगणाची शोभा जाते हे खरं, आणि फुलं काढायला आईला वाकावं लागतं, म्हणून एका बाजूला आकडा लावून उघडझाप ठेवली. पण एकदा लावली की रोजचं काही करावं लागत नाही.

कण्हेर किंवा सागो पाम असेल तर मात्र फवारा किंवा जाळीवर विसंबू नका, झाडच काढा. ही दोन्ही झाडं कुत्र्याला विषारी आहेत.

काड्यांना ना फवारा पुरतो ना जाळी. आपल्याकडे ऑक्टोबरात द्राक्षबागांची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, झाली की बांधाबांधावर द्राक्षाच्या काड्यांचे ढीग पडतात. त्यांवर हंगामभर औषधं मारलेली असतात, आणि वाळलेल्या काडीची ढलपी टाळूत आडवी अडकते. काडी हिसकायला मागे धावलो की शेरूला तो खेळ वाटायचा. फ्रीजरमधलं गार गाजर पुढे केलं की काडी आपोआप सुटायची. गार चघळल्याने हिरड्यांनाही आराम पडत असावा. बदल्यात द्राक्ष किंवा मनुका कधीच देऊ नका, त्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

दुधाचे 28 दात पडून पक्के 42 येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा-सात महिन्यांचं होईपर्यंत, हिरड्यांची ही शिवशिव जोरात असते. शेरू आता आठ महिन्यांचा आहे. मोगऱ्याभोवतीची जाळी गेल्या आठवड्यात काढली, जास्वंदीची अजून आहे.