सोलापुरी टॉवेल, जुना अ‍ॅम्प आणि 12 बाय 10ची खोली: दिवाळीपासूनचा अनुभव

मागच्या दिवाळीत गाणी ऐकायचा सेट जोडला, आता पावसाळा लागलाय. मधल्या काळात मोजमापाच्या माइकखेरीज एकही नवं यंत्र घेतलं नाही, तरी आवाज सुरुवातीपेक्षा कितीतरी सुधारलाय. म्हणून सविस्तर लिहितोय.

सामान साधंच. छोट्या (बुकशेल्फ) स्पीकरची नवी जोडी, सेकंडहँड स्टिरिओ अ‍ॅम्प (स्पीकरला ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) आणि गाण्यांसाठी जुना लॅपटॉप. वायर इलेक्ट्रिकच्या दुकानातली, तांब्याची, 2.5 चौरस मिलिमीटरची. घरातल्या अंतराला ती पुरून उरते, त्यामुळे केबलचे पैसे स्पीकरकडे वळवले. सगळं 40 हजारांच्या आत बसलं.

खोली जुळे सोलापुरातल्या फ्लॅटमधली. खाली फरशी, वर स्लॅब, भिंती कोऱ्या. टाळी वाजवली की आवाज टणटणत राहायचा. अशा खोलीत दोन लाखांचा अ‍ॅम्प आणला तरी तानपुऱ्याच्या तारा सुट्या ऐकू येत नाहीत, कारण स्पीकरच्या मागोमाग भिंतीवरून परतलेला आवाजही कानावर पडत असतो.

तो नेमका कुठून परततो हे शोधायला आरसा पुरतो. मी खुर्चीत बसलो आणि मुलगी बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत गेली. आरशात जिथे स्पीकर दिसला तिथे तिने पेन्सिलने फुली मारली. दोन्ही भिंतींवर अशा फुल्या झाल्या.

आधी तिथे चादरी लावून पाहिल्या. टणटण कमी झाली, पण गायकाचा आवाज अजून कर्कशच. भिंतीला लागून हवेची हालचाल जवळजवळ थांबलेली असते, त्यामुळे चिकटून लावलेलं पातळ कापड फक्त वरचे सूर शोषतं. जाडी हवी, किंवा मागे पोकळी. मग अक्कलकोट रोड एमआयडीसीतून सेकंड मालाचे टेरी टॉवेल किलोवर आणले. सुताराकडून 4 बाय 2 फुटांच्या, चार इंच खोल चौकटी करून घेतल्या, त्यात टॉवेल घड्या घालून भरले आणि वर सुती कापड ताणून बसवलं. चौकट भिंतीपासून दोन इंच पुढे टांगली. पूर्ण खटाटोपात सर्वात मोठा फरक इथे पडला. तानपुऱ्याची जवारी (तारांची गुंजती झणकार) आता स्पीकरमधून नव्हे, दोन स्पीकरच्या मधोमध उभी राहते. शब्दांतले स, श वेगळे कळतात.

खर्जाचं काम मात्र चिवट. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर, त्यामुळे 12 फूट लांबीत 47 हर्ट्झच्या आसपासचा आणि त्याच्या दुपटीचा सूर घुमतो. खोलीच्या मध्यावर बसलं की पहिला जवळजवळ गायब आणि दुसरा छातीवर येतो. म्हणून तबल्याचा डग्गा घुम्म करायचा, त्यावर तळहात घासून काढलेला एकेक घिस्सा कळायचा नाही. खुर्ची मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर आणली, स्पीकर समोरच्या भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले आणि दोघांत सहा फूट अंतर ठेवलं. ट्विटर (स्पीकरमधला वरच्या सुरांचा छोटा भाग) कानाच्या उंचीला. हे एका रविवारी जमत नाही. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, तोच तुकडा ऐकायचा, वहीत टिपायचं. आवाजाची पातळी तीच हवी, कारण किंचित मोठं वाजलं की तेच चांगलं वाटतं.

शेवटी मोजमापाचा माइक घेतला आणि रूम ईक्यू विझार्ड हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं. खर्जात जास्त घुमणाऱ्या सुराचा उरलेला उंचवटा ईक्यूने (ठराविक सुरांची पातळी कमी-जास्त करायची सोय) खाली आणला. खड्डे, म्हणजे दबलेले सूर, भरायला गेलो नाही. त्यात अ‍ॅम्पची ताकद वाया जाते आणि खड्डा तसाच राहतो.

उणिवा सांगायलाच हव्यात. चौकटींवर धूळ बसते, आठवड्याला ब्रश फिरवावा लागतो. एप्रिल-मे मध्ये पंखा बंद ठेवणं अशक्य, त्यामुळे हळू आलापी पहाटेच ऐकावी लागली. सर्वात खालचा खर्ज या स्पीकरमधून निघतच नाही. त्याला सबवूफर (फक्त खर्जाचा वेगळा स्पीकर) लागेल, पण मागच्या कोपऱ्यांत जाड चौकटी बसवल्याशिवाय तो आणणार नाही.

माइक आता कपाटातच पडून असतो. सोलापुरात कोणाला खोली मोजायची असेल तर मेसेज करा, येऊन घेऊन जा.