विश्रामबागेतील एका वकीलबाईंचे कार्यालय: घटस्फोट, मुलाचा ताबा आणि पोटगीच्या कामाचा आमचा अनुभव

माझी धाकटी मुलगी ऑक्टोबर २०२२ मध्ये साडेचार वर्षांच्या मुलाला घेऊन तासगाव तालुक्यातील सासरहून कायमची परत आली, तेव्हा आमच्या घरात कोर्टाची पायरी चढलेले कोणीही नव्हते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक. २०२३ च्या जूनमध्ये एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून आम्ही सांगलीत विश्रामबागेतील एका वकीलबाईंकडे गेलो आणि पुढे काम संपेपर्यंत त्यांच्याकडेच राहिलो. मुलीची आणि नातवाची ओळख उघड होऊ नये म्हणून कार्यालयाचे नाव येथे लिहीत नाही. मात्र अशा कामात वकिलाकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय तपासून घ्यावे, हे ज्या घरांत आज हाच प्रश्न उभा आहे त्यांना कळावे, यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

पहिल्या भेटीत मी सोबत एक कागद नेला होता. शंभर रुपयांच्या मुद्रांकावर सासरकडच्यांनी टाईप करून पाठविलेली ती सोडचिठ्ठी होती. पाच प्रतिष्ठितांसमोर दोघांनी सह्या करायच्या, नोटरीचा शिक्का घ्यायचा आणि मोकळे व्हायचे, असा त्यांचा प्रस्ताव होता. आमच्याही काही नातेवाइकांना कोर्टाच्या तारखांपेक्षा हे बरे वाटत होते. कागदाच्या शेवटच्या परिच्छेदात, मुलगी स्वतःची आणि मुलाची खावटी, म्हणजे पोटगी, कायमची सोडून देत आहे, असे एक वाक्य होते. वकीलबाईंनी तो कागद दोनदा वाचला, त्या वाक्याखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि म्हणाल्या, “गुरुजी, ह्या कागदानं घटस्फोट होत नाही. ह्याच्यावर विसंबून उद्या कुणी दुसरं लग्न केलं, तर ते लग्नच कायद्यात टिकणार नाही. आणि लेकराची खावटी ही लेकराची आहे, ती सोडायचा अधिकार आईलाही नाही.”

त्याचे कारणही त्यांनी समजावून सांगितले. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार झालेले लग्न न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच मोडते. एखाद्या समाजात काडीमोडीची जुनी, अखंड चालत आलेली रूढी असेल तर कायदा तिला जागा देतो, पण ती रूढी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी ती सांगणाऱ्यावर असते आणि ते सोपे नसते. आपल्या भागात अजूनही कितीतरी मुली अशा मुद्रांकाच्या कागदाला घटस्फोट समजून बसल्या आहेत, म्हणून हा मुद्दा मी सर्वांत आधी लिहिला.

त्यानंतर त्यांनी मला बाहेर बसायला सांगितले. “मला आधी हिच्याशी एकटीशी बोलायचंय. तुमच्यासमोर ती तुम्हाला बरं वाटेल तेच बोलेल.” मला तेव्हा थोडे लागले. पण तासाभराने मुलगी बाहेर आली, तेव्हा तिचा चेहरा मी कित्येक महिन्यांनी मोकळा पाहिला. घटस्फोट घ्यायचा की नाही हा निर्णय तोपर्यंत आम्ही, म्हणजे मी आणि तिचे मामा, घेत होतो. त्या दिवसापासून तो तिने घेतला. या कार्यालयाला मी चांगले म्हणतो, त्यातील निम्मे श्रेय या एका तासाचे आहे.

आमची सर्वांत मोठी भीती ताब्याची होती. नातवाला मार्च २०२३ मध्ये पाच वर्षे पूर्ण झाली होती आणि ‘पाच वर्षांपर्यंतच मूल आईचं, नंतर बापाचं’ हे वाक्य आम्ही गावात शंभर वेळा ऐकले होते. वकीलबाईंनी कायद्यातील शब्दच दाखविले. हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा, १९५६ मध्ये एवढेच म्हटले आहे की पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा. पाच वर्षे पूर्ण होताच मूल आपोआप वडिलांकडे जाते, असे त्यात कोठेही नाही. त्याच कायद्याच्या तेराव्या कलमात मुलाचे हित सर्वोपरी मानले आहे, आणि न्यायालय मूल कोणाजवळ स्थिरावले आहे, शाळा कोठे आहे, त्याची काळजी प्रत्यक्षात कोण घेते, हे पाहते. मूल समजते असेल तर न्यायाधीश त्याच्याशी दालनात बोलूनही घेतात. ताब्याचा हुकूम कायमचा दगडावर कोरलेला नसतो, परिस्थिती बदलली तर तो बदलून मागता येतो, हेही त्यांनी त्याच दमात सांगितले. आमच्या बाजूचे तेवढेच सांगून त्यांनी आम्हाला खूश केले नाही, याची मी विशेष नोंद करतो.

दावा कोठे दाखल करायचा, हा प्रश्न लवकर सुटला. हिंदू विवाह कायद्यातील २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी जेथे राहत आहे तेथील न्यायालयातही अर्ज करू शकते, म्हणून सांगलीतच काम चालवता आले. दरम्यान जावयाने ‘नांदायला ये’ म्हणून नोटीस पाठविली. ती हातात पडली त्या रात्री घरात कोणी जेवले नाही, कारण नांदायला गेली नाही तर पोटगी बुडते, असा आमचा समज होता. सबळ कारणाने वेगळ्या राहणाऱ्या पत्नीचा पोटगीचा हक्क केवळ अशा नोटिशीने किंवा हुकमाने संपत नाही, ही वकीलबाईंची मांडणी होती. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मधील एका निकालात हेच स्पष्ट केले आहे.

पोटगीचा अर्ज जुलै २०२३ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली झाला. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे, त्यामुळे आता नवीन अर्ज करणाऱ्यांना तो आकडा कागदावर दिसेल. या टप्प्यावर कार्यालयाचे खरे कसब दिसले. जावयाची चार एकर द्राक्षबाग आहे आणि शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्यामुळे विवरणपत्र दाखवा म्हणण्यात अर्थ नव्हता. बाग तोट्यात आहे, फवारणीच्या औषधांचाही खर्च निघत नाही, असे जावयाचे म्हणणे होते. रजनेश विरुद्ध नेहा या नोव्हेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी आपली मिळकत आणि देणी प्रतिज्ञापत्रावर देणे आवश्यक केले, आणि शेतकऱ्यांसाठी त्या प्रतिज्ञापत्राचा वेगळा नमुना दिला आहे. वकीलबाईंनी त्या नमुन्याचा आग्रह धरला. जमिनीचे सातबारा आणि आठ-अ उतारे आम्ही काढून आणले. बेदाणा कोणत्या अडत्याकडे सौद्याला जातो हे मुलीला माहीत होते, तिच्याजवळ मागच्या दोन हंगामांच्या विक्रीच्या पट्ट्यांचे मोबाईलवर काढलेले फोटोही होते. सोसायटीचे पीककर्ज किती एकरांवर उचलले आहे, तेही पुढे आले. ते सर्व एका तक्त्यात मांडून, खर्च वजा जाता काय उरते हे त्यांनी न्यायालयासमोर ठेवले, आणि औषधे, छाटणी व मजुरी यांचा खर्च त्यांनी मुद्दाम प्रामाणिकपणे धरला होता.

तोच प्रामाणिकपणा त्यांनी आमच्याकडूनही मागितला. मुलगी तेव्हा शिकवण्या घेऊन महिन्याला सुमारे नऊ हजार रुपये मिळवत होती. ते लिहू नये, असे मला वाटत होते. “हे लपवलं आणि उलटतपासात निघालं, तर बाकीचं खरं बोललेलंही वाया जाईल,” असे सांगून त्यांनी ते पहिल्याच पानावर लिहून घेतले. फौजदारी गुन्हा दाखल करून सासरच्या सगळ्यांना गुंतवा, असा सल्ला देणारेही आम्हाला भेटले होते. त्यावर त्यांचे उत्तर एवढेच होते की जे घडले ते लिहायचे, ज्याने केले त्याचेच नाव घ्यायचे.

समोरच्या बाजूने प्रतिज्ञापत्र द्यायला बराच वेळ लावल्याने अंतरिम पोटगीचा आदेश व्हायला सात महिने गेले. आदेशात पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली गेली, त्यामुळे मधल्या महिन्यांची रक्कमही मिळाली. येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. थकलेल्या पोटगीच्या वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. दोन-दोन वर्षांची थकबाकी साचू देऊन मग धावाधाव करणाऱ्यांचे हाल होतात. वकीलबाईंनी मुलीला एक वही करायला लावली आणि प्रत्येक महिन्याला किती आले, कोणत्या तारखेला आले, हे बँकेच्या पासबुकाशी ताडून लिहायला सांगितले. ती वही अजून चालू आहे.

माझी एक चूक येथे कबूल केली पाहिजे. पहिले तीन महिने पैसे आले नाहीत, तेव्हा नातवाला वडिलांना भेटू द्यायचे नाही, असे मी घरात जाहीर केले. वकीलबाईंना हे कळताच त्यांनी मला फोन करून बोलावून घेतले. पोटगी थकली तर तिच्या वसुलीचा मार्ग वेगळा आहे, पण भेट रोखून ती वसूल करता येत नाही, आणि तसेच भेट झाली नाही म्हणून वडिलांनाही पोटगी थांबवता येत नाही, हे त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. “नवरा-बायकोचा हिशेब वेगळा आणि लेकराचा वेगळा, गुरुजी. एकाच्या वहीत दुसऱ्याची वजाबाकी करू नका.” पुढच्याच शनिवारी नातू वडिलांबरोबर बागेत जाऊन आला. रात्री तो ट्रॅक्टरबद्दल इतका बोलला की झोपायलाच तयार नव्हता. मी त्या रात्री बराच वेळ जागा होतो.

मध्यस्थीच्या तीन बैठकांनंतर दोन्ही बाजू परस्पर संमतीवर आल्या आणि ऑगस्ट २०२४ मध्ये हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली घटस्फोटाचा संयुक्त अर्ज झाला. त्यासाठी किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. मात्र अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर या २०१७ च्या निकालानुसार, दोघे पुरेसा काळ वेगळे राहिले असतील आणि पोटगी, ताबा यांचा खरोखर निकाल लागला असेल, तर न्यायालय हे सहा महिने माफ करू शकते. आमची तशी विनंती मान्य झाली.

अटींचा मसुदा हा या कार्यालयाचा सर्वांत उत्तम भाग आहे. ‘वडिलांना वेळोवेळी भेटू द्यावे’ अशी सैल भाषा त्यात नाही. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी दहा ते रविवारी संध्याकाळी सहा, आणणे-नेणे कोणी करायचे, दिवाळीची सुट्टी निम्मी, मे महिन्यातील पंधरा दिवस, गणपतीत दीड दिवस आजोळी की वडिलांच्या गावी, आजारपणात काय करायचे, शाळेच्या प्रगतिपुस्तकाची प्रत दोघांना मिळेल, असे सगळे लिहिले आहे. नातवाची पोटगी दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत थेट खात्यात आणि दरवर्षी ठरलेल्या टक्क्यांनी वाढणारी आहे. मुलीने स्वतःसाठी एकरकमी रक्कम घेतली. तिचे स्त्रीधन वेगळ्या यादीने, वजनासह परत घेतले.

आता उणिवा. कार्यालयात बाहेरची खोली आणि वकीलबाईंची खोली यांच्यामध्ये प्लायवूडचे विभाजन आहे आणि ते छतापर्यंत पोहोचत नाही. बाहेर बसलेल्याला आतले जवळजवळ सगळे ऐकू येते. आमच्या आधी आत गेलेली एक बाई आपल्या नवऱ्याबद्दल जे सांगत होती, ते मी ऐकायला नको होते, आणि माझ्या मुलीचेही कोणीतरी ऐकले असेल. संसार मोडत असलेली माणसे जिथे येतात, तिथे ही त्रुटी लहान नाही. मी ती त्यांना समोर सांगितली आहे. दुसरे, सहायक वकिलाने एकदा आम्हाला चुकीची तारीख कळविली आणि आमची गैरहजेरी नोंदली गेली. वकीलबाईंनी चूक मान्य करून त्याचा अर्ज विनाशुल्क केला. तेव्हापासून मी प्रत्येक तारीख ई-कोर्ट ॲपवर स्वतः पाहतो आणि सर्वांनी तसेच करावे. दिवसा फोन उचलला जात नाही, कारण त्या विजयनगरला न्यायालयात असतात. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही.

फीच्या बाबतीत तक्रार नाही. टप्प्याटप्प्याने किती लागतील हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिले आणि ते शेवटपर्यंत बदलले नाही. त्याच दिवशी त्यांनी हेही सांगितले की विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो किंवा १५१०० या क्रमांकावर विचारता येते. महाराष्ट्रात घटस्फोट आणि पोटगीच्या दाव्यात स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे, हेही त्यांनीच सांगितले. स्वतःकडे आलेल्या पक्षकाराला मोफत मिळणाऱ्या वकिलाचा पत्ता आधी देणारी व्यक्ती मला विश्वासाची वाटली, आणि आम्ही तेथेच वकीलपत्रावर सही केली.

अशा कामासाठी कोणाकडेही पहिल्यांदा जाताना लग्नाची पत्रिका किंवा नोंदणीचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, शाळेच्या फीच्या पावत्या, दोघांच्या उत्पन्नाचे मिळतील ते कागद आणि सासरहून आलेली प्रत्येक नोटीस पाकिटासह न्यावी, कारण पाकिटावरचा पोस्टाचा शिक्काही पुढे उपयोगी पडतो. आणि वडिलांनी किंवा भावाने सोबत जावे, पण मुलीला आत एकटीला बोलू द्यावे.