तत्त्वज्ञानाच्या शब्दांचा आंकी-डेक: पाठांतर चोख, व्याख्या अर्धवट

आधी निकाल सांगते, मग तक्रारी. आंकी या पाठांतराच्या ॲपसाठी बनवलेला, पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या इतिहासातल्या शब्दांचा हा तयार डेक, म्हणजे कार्डांचा गठ्ठा, घ्यायचा असेल तर ग्रीकांचा भाग डोळे झाकून घ्या. मध्ययुगापासून कांटपर्यंतचा भाग हातात पेन्सिल घेऊन घ्या. त्यापुढचा बराचसा बंद करून ठेवला तरी चालेल.

मी रुग्णालयाच्या फार्मसीत काम करते. तत्त्वज्ञान हा पोटापाण्याचा विषय नाही, रात्रपाळीत वाचायचा विषय आहे. अशा वाचनात विचारांच्या आधी शब्द आडवे येतात. एक पान वाचायचं, दोन शब्द शोधायचे, परत आल्यावर वाक्य कुठे होतं तेच आठवायचं नाही. शब्द आधीच डोक्यात असावेत म्हणून आंकी घेतलं आणि कुणीतरी बनवून सगळ्यांसाठी ठेवलेला हा डेक त्यात भरला. शब्द पुढच्या बाजूला, एका ओळीची व्याख्या मागच्या बाजूला, आणि एका बटणावर यंत्राचा उच्चार.

आंकीबद्दल फार सांगत नाही. 2006 पासून आहे, वैद्यकीच्या विद्यार्थ्यांनी तर डोक्यावर घेतलंय. विसरायच्या बेताला आलेलं कार्ड नेमकं तेव्हा समोर आणायचं, एवढंच त्याचं काम आणि ते चोख करतं. रोज वीस नवी कार्डं हे मूळ सेटिंग मात्र या विषयाला झेपत नाही. परकी भाषा शिकताना वीस शब्द ठीक आहेत. इथे एकेका शब्दामागे एकेक भांडण असतं. मी आकडा पाचवर आणला.

आता डेककडे. 'सबस्टन्स'चं, म्हणजे द्रव्याचं, कार्ड उलटलं की मागे येतं: गुणधर्मांना आधार देणारी, स्वतंत्र अस्तित्व असलेली वस्तू. वाचायला ठीक वाटतं. हे घेऊन ॲरिस्टॉटलकडे जा. 'कॅटेगरीज'मध्ये पहिल्या प्रतीचं द्रव्य म्हणजे हा अमुक माणूस, हा अमुक घोडा. 'माणूस' ही जात तिथे दुसऱ्या प्रतीची. मग 1644 मध्ये देकार्त म्हणतो, ज्याला असण्यासाठी दुसऱ्या कशाचीच गरज नाही ते द्रव्य. या हिशेबाने काटेकोर अर्थाने एकटा ईश्वरच उरतो, आणि मन व शरीर यांना तो सवलतीने द्रव्य म्हणतो. स्पिनोझा ती सवलत काढून घेतो: द्रव्य एकच, त्याला ईश्वर म्हणा की निसर्ग. लायब्निझ 1714 मध्ये उलट्या टोकाला जाऊन अगणित मोनाड, म्हणजे तुकडे न होणारी साधी द्रव्यं, मांडून बसतो. म्हणजे आमच्या घोड्याचं काय झालं? ॲरिस्टॉटलकडे तो स्वतः द्रव्य होता. स्पिनोझाकडे तो एकाच द्रव्याचा एक प्रकार, एक अवस्था उरतो. कार्डावरची ओळ दोघांनाही लागू होते आणि दोघांपैकी एकाचंही म्हणणं सांगत नाही.

लॉक मला यात सगळ्यात प्रामाणिक वाटतो. गुणांच्या खाली आधार काय आहे, असं विचारल्यावर तो म्हणतो, काहीतरी आहे, काय ते मला ठाऊक नाही. आणि दाखला कुणाचा देतो? एका भारतीयाचा. पृथ्वी हत्तीवर, हत्ती कासवावर. आणि कासव कशावर म्हटल्यावर त्या बिचाऱ्याचंही उत्तर तेच: काहीतरी, पण काय ते माहीत नाही. ही गोष्ट कार्डाच्या मागे असती तर शब्द एका फटक्यात बसला असता. ह्यूम पुढे येऊन तो आधारच काढून घेतो. द्रव्य म्हणजे गुणांच्या साध्या कल्पनांचा एकत्र केलेला, एक नाव दिलेला गठ्ठा, बस.

डेकमध्ये या सगळ्याला मिळून एक कार्ड. माझी मुख्य तक्रार हीच. या विषयात शब्द एकटा पाठ करून उपयोग नाही, शब्द आणि माणूस अशी जोडी पाठ करावी लागते.

'ऑब्जेक्टिव्ह'च्या कार्डाने तर सरळ दिशाभूल होते. मागे लिहिलंय: मनावर अवलंबून नसलेलं. आज आपण तो शब्द तसाच वापरतो. हीच व्याख्या घेऊन देकार्तच्या 1641 मधल्या 'मेडिटेशन्स'मधलं तिसरं चिंतन वाचायला बसलात तर ईश्वराच्या अस्तित्वाची अख्खी सिद्धता उलटी वाचली जाईल. त्याच्याकडे 'ऑब्जेक्टिव्ह' अस्तित्व म्हणजे विचाराचा विषय म्हणून मनात असणं. आक्षेपांना उत्तर देताना तो सूर्याचं उदाहरण देतो. सूर्याची कल्पना म्हणजे मनात असलेला सूर्यच, पण तिथे तो 'ऑब्जेक्टिव्ह' रीतीने असतो. आकाशात तो असतो तो 'फॉर्मल' रीतीने. मध्ययुगीन पंडितांकडून आलेला हा वापर. म्हणजे आज ज्याला आपण ऑब्जेक्टिव्ह म्हणू त्याला देकार्त फॉर्मल म्हणतोय. डेकमध्ये 'फॉर्मल'चं कार्ड आहे, पण ते तर्कशास्त्राचं.

'रिॲलिझम'चंही थोडंफार तसंच. बाराव्या-चौदाव्या शतकांतला वाद वाचताना रिॲलिस्ट म्हणजे 'माणूसपणा'सारखी, अनेकांत समान असलेली सामान्यं खरोखर आहेत असं मानणारा. मनाबाहेर जग आहे की नाही, हा तिथला प्रश्नच नव्हे. कार्डावर फक्त नंतरचा अर्थ. ती सामान्यं नाकारणाऱ्या चौदाव्या शतकातल्या ऑकमला वाचणाऱ्याने काय करायचं?

कांट. आंकीत एखादं कार्ड आठ वेळा चुकलं की त्याला 'लीच' म्हणजे जळू ठरवलं जातं, आणि सेटिंग तसं असेल तर बाजूला काढलं जातं. माझ्या जळवांमध्ये 'ट्रान्सेंडेंटल' आणि 'ट्रान्सेंडेंट' जोडीने बसले होते, आणि त्याचा दोष मी डेकच्या मांडणीला देते. दोन्ही कार्डं लागोपाठ, दोन्हींवर 'अनुभवापलीकडचं' असा शब्द. 1781 मध्ये कांटने ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो फरक त्या एका शब्दात गिळला गेला. अनुभवाची हद्द ओलांडून जायचा दावा करतं ते ट्रान्सेंडेंट. अनुभव मुळात शक्य कशामुळे होतो, वस्तूंपेक्षा वस्तू जाणण्याची आपली रीत काय, याची अनुभवपूर्व चौकशी ती ट्रान्सेंडेंटल. कांट स्वतः काही ठिकाणी ढिलाईने लिहितो ते वेगळं. आमच्या फार्मसीत सारख्या नावांची औषधं शेजारी ठेवत नाहीत, आणि लेबलवर नावाचा वेगळा असलेला भाग ठळक अक्षरांत छापतात. मी तेच केलं. शेपटाची अक्षरं लाल केली, दोन कार्डं वेगळ्या डेकमध्ये टाकली, मागे व्याख्येऐवजी एकेक उदाहरण लिहिलं: एकीकडे अमर आत्म्याबद्दलचा दावा, दुसरीकडे अवकाश आणि काल ही आपल्या पाहण्याची रूपं आहेत हा युक्तिवाद. जळू सुटली.

'ॲनालिटिक' आणि 'सिंथेटिक' मात्र चांगलं जमलंय, कारण तिथे डेकवाल्याने कांटचीच उदाहरणं घेतली आहेत. 'सर्व वस्तू जागा व्यापतात' हे ॲनालिटिक, कारण जागा व्यापणं 'वस्तू' या कल्पनेतच आलं; 'सर्व वस्तूंना वजन असतं' हे सिंथेटिक, कारण वजन त्या कल्पनेत नाही; आणि 7 + 5 = 12 हे सिंथेटिक असून अनुभवपूर्व. उदाहरण आलं की कार्ड जिवंत होतं, हे डेकवाल्याला माहीत आहे. मग बाकी ठिकाणी हात का आखडला?

ग्रीक भागाची शिफारस मी याच कारणासाठी करते. तिथे मूळ ग्रीक शब्द, त्याच्या वापराचं एखादं वाक्य आणि कुणाचा ते, असं तिन्ही आहे. 'अरेते'च्या मागे नुसता 'सद्गुण' नाही. डोळ्याचं अरेते म्हणजे डोळा आणि त्याचं पाहणं दोन्ही उत्तम असणं, घोड्याचं अरेते म्हणजे त्याचं धावणं, स्वाराला वाहून नेणं, शत्रूसमोर न बिचकणं, हा ॲरिस्टॉटलचा दाखला दिलाय. 'युडायमोनिया'च्या, म्हणजे माणसाच्या चांगल्या जगण्याच्या, कार्डावर तर सुख किंवा आनंद हे शब्द मुद्दाम टाळून एक प्रश्न ठेवलाय: माणूस मेल्यावर त्याच्या वंशजांचे हाल झाले तर त्याचं युडायमोनिया कमी होतं का? ॲरिस्टॉटल हा प्रश्न गांभीर्याने घेतो. मनाच्या अवस्थेबद्दल बोलत असता तर त्याला तो पडलाच नसता. इतकं नेमकं कार्ड मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

उच्चाराचं बटण सुरुवातीलाच बंद करा. यंत्र ग्रीक शब्द इंग्रजी वळणाने दामटून म्हणतं.

वादांच्या, म्हणजे मतप्रणालींच्या, नावांचा ढीग आहे, त्यात तारखा नाहीत आणि ते खटकतं. मिलच्या कार्डावर 'कॉन्सिक्वेन्शियलिस्ट', म्हणजे परिणामांवरून कृती जोखणारा, असा शिक्का. मिल 1873 मध्ये गेला, आणि हा शब्द ॲन्स्कमने 1958 च्या लेखात आणला, तोही टीका म्हणून. स्वतःच्या मताला मिल युटिलिटेरियन, म्हणजे उपयुक्ततावादी, म्हणत असे. 'एपिस्टेमॉलॉजी' (ज्ञानमीमांसा) हा शब्दसुद्धा इंग्रजीत 1854 मध्ये फेरियरने रूढ केला. कार्ड मात्र असं बोलतं की जणू प्लेटो रोज सकाळी तो उच्चारत होता. नंतरची नावं मागच्यांना लावायला हरकत नाही, पण कोपऱ्यात एक सन टाकायला किती जागा लागते?

हेगेलनंतर डेकवाल्याचा दम सुटलेला दिसतो. हेगेलच्या 'आउफहेबुंग'च्या मागे रद्द करणं, जपून ठेवणं, वर उचलणं हे तिन्ही अर्थ दिलेत, तेवढं पुरे. हायडेगरची कार्डं म्हणजे एका अवघड शब्दाच्या मागे दुसरे तीन अवघड शब्द. ती मी सगळी स्थगित केली. विट्गेनश्टाइनचं तर एकच कार्ड आहे, आणि त्यावर तो सुरुवातीचा की नंतरचा हेही लिहिलेलं नाही.

घेणाऱ्यांसाठी एक सूचना. डेकची नवी आवृत्ती आयात करताना तुम्ही कार्डांवर केलेले बदल पुसले जाऊ शकतात, म्हणून बदल करण्याऐवजी स्वतःची नवी कार्डं बनवून वेगळ्या डेकमध्ये ठेवा. माझ्या डेकमध्ये पुढच्या बाजूला आता नुसता शब्द कधीच नसतो. 'आयडिया: लॉक', 'आयडिया: ह्यूम', 'आयडिया: कांट' अशी तीन कार्डं असतात, आणि प्लेटोचं चौथं, ज्याच्या मागे पहिलीच ओळ आहे: ही कुणाच्याही डोक्यात नसते.