शीर्षकं मोजणारं सॉफ्टवेअर आणि प्रती विकणारं दुकान

आमच्या पुस्तकांच्या दुकानातल्या साठ्याची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची वर्गणी भरायची वेळ गेल्या आठवड्यात आली. बाबांनी विचारलं, “अगं, अजून एक वर्ष घ्यायचं का हे?” घ्यायचं, असं मी लगेच सांगितलं. पण दोन वर्षांपूर्वी हे विकत घेताना मला ज्या गोष्टी कुणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं, त्या आता लिहून ठेवते.

आमच्याकडे नवी आणि जुनी अशी दोन्ही पुस्तकं आहेत. दुकानात समोरासमोर विक्री होते आणि तोच माल तीन ऑनलाइन बाजारांत व आमच्या वेबसाइटवरही लावलेला असतो. नोंदलेल्या प्रती सहा हजारांच्या आसपास. सॉफ्टवेअरचं नाव देत नाही. आणखी दोन सॉफ्टवेअरची फुकट चाचणी घेतली होती, त्यांतही यातल्या बऱ्याच खोडी भेटल्या; त्यामुळे नावापेक्षा काय तपासून घ्यायचं हे कळणं जास्त उपयोगाचं आहे.

नव्या पुस्तकांच्या बाबतीत तक्रारीला जागाच नाही. मलपृष्ठावरचा बारकोड स्कॅनरसमोर धरला की नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठसंख्या आपोआप भरली जाते. कॉम्प्युटरच्या लेखी स्कॅनर म्हणजे एक कीबोर्डच. तो आकडे टाइप करतो आणि शेवटी एंटर दाबतो. म्हणून साधा स्कॅनरही चालतो, महागाची गरज नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यानेही होतं, पण चकचकीत कव्हरवर प्रकाश परततो आणि प्रत्येक पुस्तक तिरकं करत बसावं लागतं. शंभरेक पुस्तकांचा गठ्ठा पूर्वी वहीत उतरवायला माझा अर्धा दिवस जायचा, आता तासाच्या आत होतो.

बारकोड फाटलेला असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, हातानं टाइप करावा लागतो. त्यातला शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून काढलेला असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला की सॉफ्टवेअर लगेच लाल रेघ दाखवतं. यावर मी डोळे झाकून विसंबले होते. पण १ जानेवारी २००७ पासून आलेल्या १३ आकडी क्रमांकात एक फट आहे: शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले आणि त्यांच्यात नेमका पाचाचा फरक असला, म्हणजे १६ चे ६१ झाले, तर ती चूक पकडली जात नाही. जुन्या १० आकडी क्रमांकाचं गणित ११ च्या भागाकारावर होतं, म्हणून त्याच्या शेवटी कधी कधी ‘एक्स’ दिसतो. त्याला अशी चूक कळायची. आता हातानं घातलेल्या प्रत्येक नोंदीचं कव्हर पडद्यावर आलेल्या चित्राशी ताडून बघते.

खरी अडचण जुन्या पुस्तकांची.

आयएसबीएन हा आवृत्तीचा क्रमांक असतो, प्रतीचा नसतो. पुठ्ठा बांधणीला एक, कागदी बांधणीला दुसरा. पण नुसतं पुनर्मुद्रण झालं तर क्रमांक तोच राहतो. सॉफ्टवेअर क्रमांकावर चालतं, त्यामुळे एका क्रमांकाच्या तीन प्रती आल्या की ते ‘संख्या ३’ लिहून मोकळं होतं. माझ्या हातात मात्र एक कोरी प्रत असते, एक पहिल्या पानावर कुणी मुलीला वाढदिवसाला दिल्याचा मजकूर असलेली, आणि एक ओल लागून पानं फुगलेली. पहिल्याच महिन्यात फुगलेली प्रत कोऱ्या प्रतीच्या ऑर्डरवर गेली. वाचकानं फोटो पाठवले. ते पुस्तक त्यांना भेट द्यायचं होतं. मी पैसे परत केले, पण भेटीचा दिवस काही परत देता आला नाही, आणि ते मला फार लागलं.

त्यानंतर जुन्या पुस्तकांसाठी ‘संख्या’ हा रकाना मी बंदच केला. प्रत्येक प्रतीची नोंद वेगळी, तिला आमचा स्वतःचा क्रमांक, आणि त्या क्रमांकातच तिचा पत्ता. ‘क४-२-०३१७’ म्हणजे कपाट चार, खण दोन, नोंद तीनशे सतरा. हा क्रमांक शेवटच्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं लिहायचा, आणि पुस्तकाबाहेर डोकावणारी एक चिठ्ठी घालायची. स्टिकर कधीही लावायचं नाही. डिंक वर्षभरात कव्हरचा रंग घेऊन निघतो. सॉफ्टवेअर घेताना विचारायचा पहिला प्रश्न म्हणून हाच: एकाच आयएसबीएनच्या दोन प्रती वेगवेगळ्या किमतीच्या, वेगवेगळ्या फोटोंच्या, स्वतंत्र नोंदी म्हणून राहतात का? आमच्यात राहतात, पण त्यासाठी सेटिंगच्या तिसऱ्या पानावर एक खूण करावी लागते, आणि मदतीच्या पानांत ती कुठेही सांगितलेली नाही.

पत्त्यावरून बाबांचा आणि माझा बराच वाद झाला. त्यांचं म्हणणं, कथा कथांत हव्यात, चरित्रं चरित्रांत. माझं म्हणणं, जी पुस्तकं फक्त ऑनलाइन जातात ती आली त्या क्रमानं लावावीत. क्रमांक माहीत असला की विषयाची गरज उरत नाही, आणि नव्या पुस्तकासाठी कपाट सरकवत बसावं लागत नाही. शेवटी असं ठरलं: गिऱ्हाईक जिथे फिरतं ती कपाटं विषयवार, आतली खोली क्रमानं. आता आतलं पुस्तक शोधायला मिनिटही लागत नाही. बाहेरच्या कपाटांतली मात्र अजून बाबांनाच लवकर सापडतात, कारण लोक हाताळून भलतीकडे ठेवतात आणि बाबांना त्यांच्या सवयी ठाऊक आहेत.

पुस्तकाच्या अवस्थेसाठी या सॉफ्टवेअरमध्ये पाच तयार शब्द आहेत. जुन्या पुस्तकांच्या व्यापारात अशा श्रेणी १९४९ मध्ये ‘एबी बुकमन्स वीकली’ या नियतकालिकानं सुचवल्या, तेव्हापासून त्या थोड्याफार फरकानं चालत आल्या आहेत. पण ‘चांगली’ एवढ्यानं वाचकाला काय कळणार? म्हणून मी प्रत्येक नोंदीत दोन ओळी लिहिते: कणा सैल, पान ४० वर शाईचा डाग, वेष्टन नाही, आतली पानं स्वच्छ. त्यासाठी मोकळा रकाना दिलेला आहे, हे उत्तम. परंतु आमच्या तीन बाजारांपैकी एकाकडे तो रकाना पोचतच नव्हता, आणि हे मला तब्बल चार महिन्यांनी कळलं. तुम्ही लावलेली नोंद एकदा गिऱ्हाईक म्हणून त्या त्या बाजारात जाऊन स्वतः उघडून बघा. पहिल्याच दिवशी बघा.

आता सिंकबद्दल, म्हणजे सगळीकडचा साठा आपोआप सारखा ठेवण्याबद्दल. एकच प्रत चार ठिकाणी दिसत असली की ती एका ठिकाणी विकल्याबरोबर बाकी तिन्हीकडून उतरायला हवी. आमचं सॉफ्टवेअर हे दर १५ मिनिटांनी करतं. एरवी तेवढं पुरतं. पण खरी गळती ऑनलाइन नव्हेच, ती गल्ल्यावर होते. कुणी पुस्तक उचललं, पैसे दिले, गप्पा मारत बाहेर पडलं, आणि नोंद करायची राहिली. रात्री त्याच प्रतीची ऑर्डर आली. “बाबा, हे तुम्ही दुपारी दिलंत का कुणाला?” “अगं, दिलं की. फार दिवस शोधत होते ते.” ऑर्डर रद्द करावी लागली, आणि असं वरचेवर झालं की बाजार विक्रेत्याचा दर्जा खाली आणतो. यावर उपाय साधाच निघाला: पुस्तक देताना आतली चिठ्ठी काढून गल्ल्याच्या डब्यात टाकायची. चिठ्ठी डब्यात पडली की जो मोकळा असेल त्यानं ती स्कॅन करायची. चिठ्ठीवर बारकोड छापायची सोय सॉफ्टवेअरमध्ये आहे, आणि एवढ्या एका सोयीसाठीसुद्धा मी वर्गणी भरेन.

सगळ्यात मोठा फटका बसला फाइल चढवताना. पुष्कळ नोंदी एकदम बदलायच्या तर सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी यादी) उतरवायची, दुरुस्त करायची आणि परत चढवायची. चढवताना दोन पर्याय येतात: ‘आहे त्यात भर घाला’ आणि ‘सगळं काढून हे लावा’. मी ८० पुस्तकांची फाइल दुसऱ्या पर्यायानं चढवली. एका बाजारातली आमची बाकी सगळी पुस्तकं दिसेनाशी झाली. जुनी फाइल जपून ठेवलेली होती म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं जागेवर आलं. नसती तर काय केलं असतं ते सांगता येत नाही. इतक्या मोठ्या पर्यायाआधी सॉफ्टवेअरनं ‘इतक्या नोंदी जाणार आहेत, नक्की ना?’ असं विचारायलाच हवं. अजून विचारत नाही. मी त्यांना दोनदा लिहिलं आहे.

फाइल साध्या स्प्रेडशीटमध्ये उघडणार असाल तर आयएसबीएनचा रकाना आधी ‘मजकूर’ म्हणून ठरवा. नाहीतर १३ आकडी क्रमांक ९.७८ई+१२ अशा रूपात दिसतो, तसाच सेव्ह होतो आणि मागचे आकडे कायमचे जातात. १० आकडीच्या सुरुवातीचं शून्यही गळतं. फाइल सेव्ह करताना यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत निवडा, नाहीतर देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते.

देवनागरीचा आणखी एक त्रास मला फार उशिरा उमगला. ‘दऱ्या’सारख्या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण आमच्या सॉफ्टवेअरच्या शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एक पुस्तक ‘नाही’ म्हणून मी वाचकाला परत पाठवलं आणि ते माझ्या पाठीमागच्या खणात होतं. आता अशी नावं दोन्ही तऱ्हांनी खुणेच्या (टॅगच्या) रकान्यात घालते. वेलांटीचंही तसंच करते, कारण शोधणारा ह्रस्व टाइप करेल की दीर्घ, ते आपल्या हातात नसतं.

मदत केंद्राचा अनुभव बरा आहे. उत्तर दोन दिवसांत येतं, माणूस लिहितो, आणि विचारलेल्या प्रश्नालाच उत्तर देतो.

महिन्यातून एकदा सगळी मोजणी करणं आम्हाला झेपलं नाही. आता दर सोमवारी दुकान उघडायच्या आधी दोन खण मोजतो. बाबा चिठ्ठ्या वाचतात, मी पडद्यावर खूण करते. गेल्या सोमवारी १९० प्रतींपैकी तीन जागेवर नव्हत्या. दोन मागच्या रांगेत पडलेल्या निघाल्या. तिसरी अजून सापडलेली नाही, म्हणून ती चारही ठिकाणांहून उतरवून ठेवली आहे.