इंकस्केपवर पेपरच्या फिगर्स: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या पावसाळ्यात द्राक्षाच्या डाउनी (केवडा) रोगावरचा आमचा पेपर पाठवला आणि चार दिवसांत परत आला. रिव्ह्यू वगैरे काही नाही, एकच ओळ, फिगर्सचं रिझोल्यूशन कमी आहे. तोपर्यंत मी सगळं पॉवरपॉइंटमधे जुळवून, स्क्रीनशॉट काढून वर्डमधे टाकायचे, आणि वर्ड सेव्ह करताना फोटो आपोआप दाबतं हे मला माहीतच नव्हतं. दोन सीझन बागांमधे फिरून जमवलेलं काम असं धुरकट दिसलेलं बघून फार वाईट वाटलं. मग लॅबमधल्या सीनियरने इंकस्केप हे चित्रं काढायचं, जुळवायचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, २००३ पासून चालू आहे. दोन पेपर आणि थिसिसच्या जवळजवळ सगळ्या फिगर्स त्यावर झाल्या म्हणून सविस्तर लिहितेय.

माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पान मिलिमीटरमधे मांडता येतं. एल्सेव्हियर या प्रकाशकाच्या जर्नल्सना एका कॉलमची फिगर ९० मिमी आणि पूर्ण रुंदीची १९० मिमी लागते, नेचरला ८९ आणि १८३. मी आधी रुंदी टाकते आणि त्याच मापात सगळं बसवते, म्हणजे ७ पॉइंटचं अक्षर छापूनही ७ पॉइंटच राहतं. आधी काय व्हायचं, १० इंच रुंद ग्राफ काढायचा आणि तो ९० मिमीवर आणायचा, की १२ पॉइंटचं अक्षर जेमतेम सव्वाचार व्हायचं, कोण वाचणार ते! आता मॅटप्लॉटलिबमधेच (पायथनमधलं ग्राफ काढायचं साधन) रुंदी ३.५४ इंच देते आणि एसव्हीजी, म्हणजे इंकस्केपमधे उघडून बदलता येणारी फाइल, काढताना फॉन्टटाइप 'नन' ठेवते, मग अक्षरं अक्षरंच राहतात, इंकस्केपमधे स्पेलिंगसुद्धा सुधारता येतं. ए, बी, सी पॅनल कंट्रोल शिफ्ट ए दाबून एका रेषेत आणायचे, नजरेने जुळवत बसू नका.

मायक्रोस्कोपच्या फोटोंबद्दल कळकळीने सांगते, कॅप्शनमधे नुसतं '४०० एक्स' लिहू नका, फोटो लहानमोठा केला की त्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. इमेजजे या फोटोवर मापं घ्यायच्या सॉफ्टवेअरमधे स्केल सेट करून स्केल बार (खरी लांबी दाखवणारी रेघ) टाका आणि मगच फोटो इकडे आणा, बार फोटोबरोबरच लहानमोठा होतो. आणि फोटो आणताना लिंक की एम्बेड असं विचारतं तिथे नीट बघा. मी लिंक केलं होतं, मग फोल्डरचं नाव बदललं, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री सहाच्या सहा फोटो गायब. एम्बेड केलं की फाइल जड होते आणि माझा ८ जीबीचा लॅपटॉप अडखळतो, तरी मी आता एम्बेडच करते.

एक्स्पोर्टला डीफॉल्ट ९६ डीपीआय (एका इंचात किती पिक्सेल) असतं, ते बदलायचंच. ९० मिमीला ९६ वर साधारण ३४० पिक्सेल मिळतात, ३०० वर १०६३. फोटोंना ३०० चालतं, नुसत्या रेघांच्या चित्राला १००० मागतात, म्हणून जमेल तिथे पीडीएफच द्या, रेघा कितीही मोठ्या केल्या तरी फुटत नाहीत. रंगांचं म्हणाल तर निरोगी पान हिरवं आणि रोगट लाल असं मी करायचे, मॅडमनी थांबवलं, लाल-हिरवा वेगळा न दिसणारे वाचक असतात. ग्राफमधे आता निळा आणि केशरी.

त्रास पण आहेत. दुसऱ्याने दिलेला पीडीएफ उघडला की वाक्याचे तुकडे होतात, फॉन्ट बदलतो. सीएमवायके (छपाईच्या चार शाईंची रंगपद्धत) जवळजवळ नाहीच, छापील अंकाला तेच मागितलं तर दुसरं काहीतरी शोधावं लागतं. आणि एखादी वस्तू लहान केली की रेघेची जाडी पण कमी होते, ते वरच्या पट्टीतल्या बटणाने बंद करायचं, हे कळायला मला महिना लागला.

पण मराठी! माझ्याकडच्या मॅटप्लॉटलिबमधे 'निफाड' लिहिलं तर वेलांटी न च्या नंतर जाऊन बसते, इंकस्केपमधे जोडाक्षरंसुद्धा बरोबर येतात. त्यामुळे पेपरमधलाच नकाशा उघडून इंग्रजी नावांच्या जागी निफाड, दिंडोरी, चांदवड टाकलं, पान मोठं केलं आणि फ्लेक्सवाल्याला पीडीएफ दिली. तीन फुटी फ्लेक्सवर एक अक्षर फुटलं नाही. ज्यांच्या बागेतून पानं नेली होती ते काका त्यावर आपलं गाव बोटाने शोधत होते.