बीबीसी रेडिओ ४ : सात महिने रोज ऐकल्यानंतर

बाळंतपणाच्या रजेत घरात टीव्ही लावायचा नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. बाळाला पाजताना हातात मोबाइलही नको होता. मग इंग्लंडमधल्या लेस्टरच्या आमच्या घरात एक साधा डॅब, म्हणजे डिजिटल रेडिओ आणला, ओट्याजवळच्या खिडकीत ठेवला आणि बीबीसी रेडिओ ४ लावला. त्याला आता सात महिने झाले.

हे बोलण्याचं केंद्र. गाणी जवळजवळ नाहीत, जाहिराती अजिबात नाहीत. १९६७ साली बीबीसीच्याच ‘होम सर्व्हिस’ या जुन्या केंद्राच्या जागी ते सुरू झालं. खर्च टीव्हीच्या परवाना शुल्कातून निघतो, पण नुसता रेडिओ ऐकणाऱ्याला १९७१ पासून कसलाच परवाना लागत नाही. लहानपणी घरात रत्नागिरी आकाशवाणी दिवसभर चालू असायची. बातम्या, शेती, महिलांचं काही, श्रुतिका, सगळं एकामागून एक. ज्यांना त्या सवयीची आठवण आहे त्यांना इथे परकं वाटणार नाही.

सकाळी सहा ते नऊ बातम्या आणि मुलाखतींचा ‘टुडे’. पहिले पंधरा दिवस मी तो बंदच करायचे. मंत्र्यांना आडवेतिडवे प्रश्न विचारणं गरजेचं आहे हे मान्य, पण रात्रभर जागून उठलेल्या माणसाला आठनंतरच्या मुलाखतीतली ती झटापट सोसत नाही. आता सातच्या बातम्या ऐकते आणि आवाज कमी करते. दहा वाजता ‘वूमन्स अवर’, तो मात्र एक दिवस चुकवत नाही. १९४६ मध्ये तो सुरू झाला तेव्हा निवेदक चक्क पुरुष होता. बाळंतपणानंतर शरीराचं आणि मनाचं काय होतं, हे तिथे बायका संकोच न करता, नेमक्या शब्दांत बोलतात. दवाखान्यात विचारायचे राहून गेलेले माझे दोन प्रश्न मी त्यामुळेच पुढच्या भेटीत विचारू शकले.

गुरुवारी नऊला ‘इन अवर टाइम’. एक विषय आणि त्यावर आयुष्य घालवलेले तीन अभ्यासक, बस्स. मेल्विन ब्रॅग यांनी तो १९९८ पासून २०२५ पर्यंत चालवला. जुने भाग मोबाइलवरही मिळतात, त्यात सम्राट अशोकावरचा आहे, जरूर ऐका. एरवी मी आपणहून कधीच निवडला नसता असा विषय पोळ्या लाटताना कानावर पडतो आणि पोळ्या संपल्या तरी मी तिथेच उभी असते.

दुसऱ्या महिन्यात मालवणहून आई आली. तिला इंग्रजी जेमतेम. पण दुपारी दोनला ‘द आर्चर्स’ची धून लागली की हातातलं काम ठेवून खुर्ची ओढायची. अ‍ॅम्ब्रिज नावाच्या काल्पनिक गावातली ही मालिका १ जानेवारी १९५१ पासून देशभर चालू आहे. युद्धानंतर अन्नधान्य कमी होतं, तेव्हा शेतकऱ्यांपर्यंत नवी माहिती गोष्टीतून पोचावी हा सुरुवातीचा हेतू. आईला तो न सांगताच कळला. आकाशवाणीवरचा शेतीचा कार्यक्रम आठवून म्हणाली, “ह्या आपल्या ‘माझं घर माझं शेत’सारख्या.” गाय हंबरली की ती हसायची, मग काय घडलं ते मी सांगायचे. गोष्ट फार सावकाश सरकते. तिथली माणसं आपल्याबरोबरच म्हातारी होतात. रोज थोडं थोडं ऐकायला हेच बरं वाटतं. नवा भाग संध्याकाळी सातला लागतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा.

तक्रारी आहेत. पुनःप्रसारण फार, एकच कार्यक्रम आठवड्यात दोनदा कानावर येतो. साडेसहाच्या विनोदी कार्यक्रमांत इथल्या राजकारण्यांवरचे टोमणे इतके असतात की नव्याने आलेल्याला निम्मेअधिक कळणार नाहीत. डॅबवर आवाज दोन-तीन सेकंद उशिरा पोचतो, म्हणजे तासाला वाजणाऱ्या ग्रिनिचच्या त्या सहा ठोक्यांवर घड्याळ लावू नका. सिग्नल कमी झाला की आवाज पाण्यात बुडाल्यासारखा तुटतो, अशा वेळी त्याच संचावर एफएम लावा.

आता रात्रीचं. बारा अठ्ठेचाळीसला ‘शिपिंग फोरकास्ट’, म्हणजे जहाजांसाठीचं हवामान. त्याआधी ‘सेलिंग बाय’ ही संथ धून. मग ब्रिटनभोवतालच्या समुद्राचे ३१ भाग, नॉर्वेजवळच्या वायकिंगपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकेक: फोर्टीज, क्रोमार्टी, डॉगर, जर्मन बाइट... प्रत्येकाला आधी वारा, मग पाऊसपाणी, मग किती लांबचं दिसेल ते. सगळं साडेतीनशेच्या आसपास शब्दांत, म्हणून एकही शब्द फालतू नसतो. १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात फुटून शेकडो माणसं गेली. त्यानंतर तिथल्या हवामान खात्याचे प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय यांनी १८६१ पासून बंदरांना वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली. आज त्यातल्या एका समुद्रभागाला त्यांचंच नाव आहे.

आई पहिल्यांदा ते ऐकायला बसली तेव्हा बाळ तिच्या खांद्यावर होतं. मी काही सांगण्याआधीच तिने विचारलं, “वाऱ्याचा सांगतत काय गो?” शब्द कळत नव्हते, पण ती चाल तिच्या ओळखीची होती. माझे आजोबा होडीवर असायचे. बंदरात वादळाच्या इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला की रेडिओभोवती सगळी आळी जमायची, आणि ‘मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’ हे वाक्य ऐकल्याशिवाय आजी चूल पेटवायची नाही. लेस्टरपासून समुद्र कुठल्याही दिशेने लांब आहे. तरी त्या रात्रीपासून आम्ही दोघी रोज पावणेएकला जाग्या असायचो, बाळ झोपलेलं असलं तरी. आजही मी असते. फोरकास्टनंतर थोड्या वेळाने राष्ट्रगीत, आणि एक वाजता बीबीसीचीच जगभरासाठीची वर्ल्ड सर्व्हिस. तिथे मी बंद करते.

आई आता मालवणात परतली आहे. फोन उचलला की आधी वारा कुठून आहे ते सांगते, मग पाऊस पडला की नाही, आणि मग किनाऱ्यावरून आज किल्ला दिसतोय का ते.